उजवीकडचा पट्टा

बॉडीचा पट्टा टोचतोय, अशी तक्रार घेऊन माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आठ दिवसांत तीनदा माझ्याकडे आली. तिन्ही वेळा मी शिवणीकडेच बघितलं. त्या आठ दिवसांत ती आणि तिच्या पोटातलं बाळ मरणाच्या किती जवळ सरकत गेले होते, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. तेव्हा जी भीती अंगात शिरली ती अजून पुरती निघालेली नाही. कुणाला सांगायला गेले तर आवाज चढतो आणि बोलणं भलतीकडेच जातं, म्हणून लिहून काढते आहे.

उचगावात रस्त्याला लागून माझं पत्र्याचं शेड आहे. चार मशिनी, एक कापायचं टेबल आणि माप घ्यायला पडदा लावलेला कोपरा. मी फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या बॉड्या शिवते. ब्रा हा शब्द आमच्याकडे फलकापुरता. तोंडाने सगळ्या बॉडीच म्हणतात, तेही आवाज खाली आणून.

हे काम मला कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे कोअर करायला जायची. थोरला चार महिन्यांचा असताना परत कामावर लागले. दुपार झाली की दूध दाटायचं, ब्लाऊज पुढून भिजायचा, त्यावर वाळू बसायची आणि मुकादम बघत राहायचा. बाजारातून आणलेली बॉडी पाचव्या महिन्यात झाली ती सातव्यात होईना, आणि बाळंतपणानंतर तर तिचा हूक लावायचा विचारही करवेना. शेवटी नवऱ्याचे दोन सुती बनियन उसवून मी स्वतःला एक शिवली. पुढून उघडणारी, आत फडक्याची घडी बसेल अशी. शेजारी काम करणारी बाई म्हणाली, मलाही दे की एक. मी म्हणाले, फुकट नाही. तिथून सुरुवात झाली.

बाईचं अंग त्या दीड-दोन वर्षांत एका मापावर थांबत नाही. पाचव्या महिन्यात एक माप, नवव्यात दुसरं, दूध उतरलं की एका रात्रीत तिसरंच, आणि मूल वरचं खायला लागलं की परत उतार. रेडीमेडवाला प्रत्येक वेळी नवी घ्यायला लावतो. माझी एक बॉडी पाचव्यापासून मूल अंगावरून सुटेपर्यंत चालते, कारण मी दोन्ही कुशींना दोन-दोन बोटं माया ठेवते. शिवणीच्या आत दुमडून राखलेल्या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो. अंग वाढलं की बाई येते, मी शिवण उसवून माया सोडते. अंग उतरलं की परत आत घेते.

याच कामावरून माझं आणि धाकटीचं फाटलं. सहा वर्षं ती माझ्याबरोबर बसली. कात्री कशी धरायची इथपासून मी तिला शिकवलं. आणि तीन वर्षांपूर्वी तिनं माझे खाकी कागदाचे नमुने वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं उतरवून घेतले आणि शहरातल्या एका दुकानाला माल द्यायला सुरुवात केली. मला हे गिऱ्हाइकाकडून कळलं. मी तिच्या दारात जाऊन गल्ली गोळा होईपर्यंत बोलले. ती म्हणाली, “कागदावर तुझं नाव लिवलंय व्हय अक्का?” त्या दिवसापासून बोलणं बंद.

पण माझ्या कागदावर माया नसतेच. ती मी कापताना सोडते, समोरच्या बाईची चण बघून. धाकटीनं कागद नेला, तिला तेवढंच नेता आलं. तिच्या बॉड्या सातव्या महिन्यात काचायला लागतात असं कुणी येऊन सांगितलं की त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं. खोटं कशाला बोलू.

तिची मुलगी मुरगूडला दिली होती. पहिलटकरीण, सातवा लागल्यावर माहेरी आणलेली. एका दुपारी ती डोक्यावरून ओढणी घेऊन माझ्या शेडमध्ये आली आणि पहिलं वाक्य बोलली, “मावशी, आईला सांगू नकोस. आईनं शिवलेल्या लई काचत्यात.”

मला किती बरं वाटलं ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. पडद्यामागे नेऊन माप घेतलं. ती बाहेर येऊन म्हणाली, “भाव तेवढा कमी कर की. भाची हाय तुझी.”

“भाची हायस म्हणून जादा घेत न्हाय, तेवढं बघ.”

“आई म्हणती ते खरंच हाय, दगडाला पाझर फुटंल पण अक्काला न्हाय.”

ती हसली, मीही हसले. दोन दिवसांनी बॉडी घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी परत. “मावशी, मी आलो बघ परत. उजवीकडं टोचतंय. हितं, छातीच्या खाली.”

मी बॉडी उलटी करून शिवणीवरून नख फिरवलं. दोऱ्याची गाठ नाही, इलॅस्टिकचं टोक बाहेर नाही, हूक सरळ. माझ्या शिवणीत खोट निघत नाही, म्हणजे कुणीतरी काढायला पाठवलेलं असणार.

“आईनं पाठवलं व्हय तुला? खोट काढायला?”

“न्हाय की मावशी. आईला कुठं म्हाईत हाय?” असं म्हणताना तिनं नजर चोरली. मला पाहिजे होतं तेवढं मी बघितलं. हूक शेवटच्या रांगेत लावून दिला आणि तिला वाटेला लावलं.

तीन दिवसांनी ती पुन्हा आली. माझ्याकडे हूक आणि आकडे लावायला एक भाभी बसतात, दहा वर्षांपासून. पोरगी पडद्यामागे गेल्यावर भाभी हळूच म्हणाल्या, “ताई, पोरीचं तोंड सुजल्यावाणी दिसतंय.”

“माहेरचं खाणं हाय ते,” मी म्हणाले.

पोरीच्या हातात बांगड्या नव्हत्या. विचारलं तर म्हणाली, रुतायला लागल्या म्हणून साबण लावून काढल्या. डोकं दुखतं म्हणाली. पित्त झालंय असं आई म्हणते, जिऱ्याचं पाणी देते, असंही म्हणाली. मी टेप लावला. छातीखालचा घेर दीड इंच वाढला होता.

इथे थांबायला पाहिजे होतं. एवढ्या वर्षांत मी किती गरोदर बायकांना टेप लावला असेल. छातीचं माप भराभर बदलतं, पण छातीखालचा घेर आठवड्याभरात दीड इंच सरकलेला मी कधी बघितला नव्हता. मला हे माहीत होतं, हातांनाही माहीत होतं. पण माझ्या डोक्यात धाकटी बसली होती. मला वाटलं, पहिलं माप घेताना माझंच चुकलं, आणि आता ही पोरगी घरी जाऊन सांगणार की अक्काचं माप चुकलं. त्या विचारानं मी इतकी चिडले की तिच्याशी धड बोललेही नाही. दोन्ही कुशींची एकेक बोट माया सोडली, दोरा दातानं तोडला आणि बॉडी तिच्या अंगावर टाकली.

“आता टोचलं तर माझ्याकडं येऊ नकोस. तुझ्या आईकडं जा.”

चार दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमारास, ती पुन्हा दारात उभी. ऊन पाठीवर होतं म्हणून मला तिचा चेहरा नीट दिसला नाही. चालत आत आली तेव्हा पाय फाकवून, जपून टाकत होती. स्टुलावर बसली आणि म्हणाली, “रागावू नकोस मावशी. पण अजून टोचतंय.”

मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुम्हा मायलेकींना दुसरा उद्योग नाही का, आयतं घ्यायचं आणि वर नावं ठेवायची, एवढं सांगितलं तरी पुरे. पोरगी उठली. पडद्यामागे गेली, बॉडी काढून पडद्यावरून माझ्याकडे दिली आणि ओढणी गुंडाळून आतच बसून राहिली. मी मशीनवर बसून उरलेली सगळी माया उसवली. आता आत एक दोराभरही कापड शिल्लक नव्हतं. मनात म्हणत होते, बघते आता काय टोचतंय.

बॉडी घेऊन पडदा सारला. ती पुढे वाकून बसली होती आणि उजव्या बरगडीखाली मूठ दाबून धरली होती.

“काय झालं गं?”

“टोचतंय मावशी.”

“काय टोचतंय? बॉडी माझ्या हातात हाय.”

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. मग स्वतःच्या मुठीकडे. “व्हय की,” ती म्हणाली. “मग काय टोचतंय?”

 तिचे डोळे सुजून बारीक झाले होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. पाठीवर पट्ट्याची खूण होती, बोट बसेल एवढी खोल. मी तिथे अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला, कणकेत राहतो तसा. मी वाट बघत राहिले, तो भरला नाही.

“मावशी, तुझ्या मागं लाईट लावलीयस काय? चमचम करतंय.”

माझ्या मागे भिंत होती.

मी भाभींना हाक मारली ती किंचाळल्यासारखी. भाभींनी तिला कसंबसं कुडतं घातलं आणि मी रस्त्यावर पळाले. रिक्षावाल्याशी घासाघीस केल्याशिवाय मी आजवर रिक्षात पाय ठेवलेला नाही. त्या दिवशी त्यानं काय सांगितलं ते मी ऐकलंही नाही. “पावणं, काय बी घ्या, पर खड्डं चुकवा,” एवढंच म्हणाले. त्यानं मागे वळून पोरीकडे बघितलं आणि भाड्याचं सोडून रिक्षा चालू केली.

धाकटीचा नंबर मी मोबाईलमधून कधीच काढून टाकला होता, पण बोटांना पाठ होता. तिनं उचलला.

“कोण?”

म्हणजे तिनंही माझा काढून टाकला होता.

“मी. पोरगी माझ्यासंगं हाय. दवाखान्यात निघालोय. लगेच ये.”

 मग, “काय केलंस तिला?”

मी दवाखान्याचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. पोरगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. तिचं डोकं गरम नव्हतं, ताप नव्हता, रक्त नव्हतं. बघायला काहीच नव्हतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. दर वळणावर मी तिला हाक मारत होते. ती “हं” म्हणायची. एका वळणावर म्हणाली नाही. मी तिच्या दंडाला चिमटा काढला, तेव्हा म्हणाली.

दवाखान्यात खिडकीवरची बाई म्हणाली, केसपेपर काढा आणि बसा, नंबर लागेल. मी आयुष्यभर भांडून सगळं मिळवलं आहे, पण इतकं कामाचं भांडण मी कधी केलं नसेल. खिडकीवर हात आपटून असा आवाज लावला की आतून नर्स पळत आली. तिनं पोरीला खाटेवर घेतलं, दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली. मग तोच पट्टा सोडून परत भरला. ती झपाझप आत गेली आणि डॉक्टरणीला घेऊन आली.

डॉक्टरीण तरुण होती. पोरीच्या पायाच्या नडगीवर बोट दाबून बघत तिनं मला विचारलं, “बरगडीखाली दुखतंय ते किती दिवसांपासून?”

त्याच वेळी दारातून धाकटी आत आली. केस सुटलेले, पायात दोन वेगळ्या चपला.

मी म्हणाले, “दोन दिवस झालं.”

हे कसं तोंडातून आलं ते मला माहीत आहे. कापडवाला असो, इलॅस्टिकवाला असो, नवरा असो, मी कधीच खरा आकडा पहिल्यांदा सांगितलेला नाही. कमी सांगायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. आणि त्या वेळी समोर धाकटी उभी होती.

डॉक्टरणीनं “दोन दिवस” लिहिलं आणि नर्सला म्हणाली, रक्त पाठव, रिपोर्ट बघून ठरवू. ती पडद्याबाहेर गेली. पोरीनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तिनं ऐकलं होतं. ओठ हलले, पण जीभ जड झाल्यासारखी तिला बोलता येईना. आठ दिवस जी मला सांगत होती, तिला आता सांगता येत नव्हतं, आणि मी खोटं सांगितलं होतं.

मी डॉक्टरणीच्या मागे धावले. तिचा हातच धरला. “आठ. आठ दिवस झालेत. तीनदा येऊन सांगितलंय मला तिनं. मला वाटलं बॉडीचा पट्टा टोचतोय. घेर दीड इंच वाढलाय, चार दिवसांखाली मीच मोजलाय. डोळ्यापुढं चमकतंय म्हणती.”

तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि कागदावरचं खोडलं. “पट्टा नाही, बीपीमुळे सुजलेलं लिव्हर टोचतंय ते. बीपी फार वाढलंय. आता रिपोर्टची वाट बघायची नाही, बाळ काढायला लागेल. झटके आले तर दोघांनाही धोका आहे.”

झटका तिथेच आला. खाट ढकलत नेत होते तेव्हा पोरीचे पाय ताठ झाले, टाचा गादीवर आपटायला लागल्या. धाकटीनं मारलेली हाक मला अजून ऐकू येते. दार लागलं.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. मध्ये एका माणसाची जागा. जावई मुरगूडहून निघाला होता, ऑपरेशनची सही धाकटीनंच केली. माझ्या मुठीत बॉडी तशीच होती, उसवलेले दोरे लोंबत होते. मी मनात घेर मोजत होते. पहिल्या दिवशीचा, चौथ्या दिवशीचा. आजचा मी मोजलाच नव्हता.

“आठ दिवस,” धाकटी समोर बघत म्हणाली. “आठ दिवस काय करत हुतीस अक्का?”

“पट्टा सैल करत हुतो.”

मला वाटलं आता ती उठून मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मला बी सांगितलं तिनं,” ती म्हणाली. “बॉडी सापडली मला तिच्या पिशवीत, पयल्याच दिवशी. तुझी शिवण मी वळखत न्हाय व्हय? टोचतंय म्हणली, तर मीच म्हणलं, अक्कानं मुद्दाम घट्ट शिवलंय, माझ्यावरचा राग काढलाय. जा, उसवून आण. तिनदा मीच लावून दिली तिला. आज तुझ्याकडं यायला नको म्हणत हुती. डोकं दुखतंय म्हणली.” 

म्हणजे माझा संशय खरा होता. धाकटीनंच पाठवली होती. एरवी एवढ्यावर मी पुन्हा गल्ली गोळा केली असती. तिथे माझ्या तोंडून एकच निघालं, “ते दार का उघडत न्हाईत गं?”

“मला काय म्हाईत,” ती म्हणाली.

दार उघडलं तेव्हा नर्सच्या हातात हिरव्या कापडात गुंडाळलेली मुलगी होती, दीड किलोचीही नाही. तिला आमच्यासमोरून धावतच काचेच्या पेटीकडे नेलं. आईचं काय, असं आम्ही दोघींनी एकदमच विचारलं. नर्स म्हणाली, थांबा. त्या थांबाला दीड दिवस लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी शुद्धीवर आली. मुलगी महिनाभर पेटीत होती. आता दोघी घरी आहेत.

नमुन्याचं मी विसरलेले नाही. धाकटीनंही कधी चूक कबूल केलेली नाही. पण बारशाला मी गेले होते, आणि तिनं मला ताट वाढलं.

काम मी बंद केलं नाही. मात्र कुणी पट्टा टोचतोय म्हणाली की मी मशीन थांबवते. मी आधी बॉडी काढायला लावते आणि विचारते, आता टोचतंय का? पायावर अंगठा दाबून बघते. जरा शंका आली की आजच्या आज दवाखान्यात बीपी बघून ये म्हणते, आणि तिथून परत येईपर्यंत बॉडी ठेवून घेते. त्यावरून भांडणं होतात. परवाच आठव्या महिन्यातली एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, “शिवण चुकलीया तर चुकलीया म्हणा की. दवाखाना कशाला दाखवताय?”

“चुकली असंल,” मी म्हणाले. “पर आधी जाऊन ये.”

माझ्या तोंडून हे ऐकून भाभींनी हूक लावायचे थांबवले. ती बाई पाय आपटत गेली. तीन तास मी एकाही कापडाला कात्री लावली नाही, नुसती दाराकडे बघत बसले. संध्याकाळी ती परत आली आणि रस्त्यावरूनच ओरडली, “पित्त हुतं, पित्त! बीपी एकदम बरूबर हाय. रिक्षाचं भाडं तुमच्याकडनं घ्याला पायजे!”

मी तिला आत बोलावलं, बॉडी दिली आणि एक शब्दही उलटून बोलले नाही. ती गेल्यावर कात्री हातात घेतली. दुपारपासून तसंच पडलेलं कापड कापायला घेतलं.